आत काही नाही

शहरदर्शनाच्या बसमध्ये चढताना गाइड मुलगी आमच्या ह्यांना म्हणाली, "काका, मंगळवारीच आला होतात ना? परत आलात?" ह्यांनी तोंडावर रुमाल धरून खोकल्याचं सोंग केलं. मंगळवारी तर हे दिवसभर दाढ दाखवायला गेले होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

संग्रहालयापाशी, या शहरात कधी पाऊल न टाकलेला हा माणूस मला थेट डावीकडच्या दाराने आत घेऊन गेला. बागेत सावलीतला बाक ह्यांना न शोधता सापडला. ज्या राजवाड्यासाठी मी इतका हट्ट धरला होता, तिथे मात्र म्हणाले, "तू गाडीतच बस. आत काही नाही."

"मग तुम्ही कशाला चाललात?"

"खात्री करून येतो."

चाळीस वर्षं ह्यांच्या थापा पचवल्यात मी, पण ही काही घशाखाली उतरेना. हे दिसेनासे होताच सीटवरच्या कोटाचे खिसे चाचपले. चिठ्ठी निघाली. चष्मा लावला.

'संग्रहालय: पुढून बावीस पायऱ्या, डाव्या दाराला उतार. बाग: बाक फाटकाजवळच. राजवाडा: अडुसष्ट पायऱ्या, कठडा नाही, मागचं दार बंद. हिला आणू त्या दिवशी पुन्हा विचारायचं. नाहीच उघडलं तर हिला सांगायचं, आत काही नाही.'

चिठ्ठी होती तशी ठेवली. हे घामाघूम होऊन परत आले.

"खरंच काही नाही गं आत."

"वाटलंच मला," मी दुखरे गुडघे आवरून ह्यांना जागा करून दिली. "बसा. दाढ कशी आहे आता?"