मसाल्यात काय काय आहे?

"मसाल्यात काय काय घालता ते सगळं लिहायचंय, प्रमाणासकट," कॉम्प्युटरपुढे बसलेली सून, प्रणोती, म्हणाली आणि हौसाक्कांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सोळा वर्षं मसाला करायच्या दिवशी त्यांनी या सुनेला आठवणीनं माहेरी पाठवलं होतं. गाव त्यांना मायाळू सासू म्हणायचं ते त्यामुळंच. आता तिच्याच डोळ्यांदेखत सगळं उघडं करायचं? तेही ज्याच्या सात पिढ्यांत कुणी फोडणी दिली नाही, अशा परदेशी साहेबासाठी?

"लिहिल्याशिवाय तिकडं माल उतरवून घेत नाहीत, आई."

"लिही मग. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धने, मीठ. झालं."

"सहाच?"

"मग काय सोनं घालते?"

अडीचशे किलो मसाला बोटीनं गेला. दोन महिन्यांनी तिकडच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. तुम्ही तीळ आणि मोहरी लपवलीत, आमच्या लोकांना त्यांची ॲलर्जी असते. माल परत न्या, नाहीतर जाळून टाकू. खाली सापडलेल्या जिनसांची यादीच होती. प्रणोती ती सूड उगवल्यासारखी, एकेक नाव घोळवत वाचत सुटली. दगडफूल, नागकेशर, बडीशेप... हौसाक्का डोळे मिटून बोटांवर मोजत होत्या.

"एकोणीस! संपली यादी," प्रणोती म्हणाली.

हौसाक्कांनी खाडकन डोळे उघडले. "मेल्यांना दोन सापडलेच नाहीत!"

"अहो आई, ते सगळा माल जाळणार आहेत!"

"जाळू देत. वासावरून तरी ओळखतात का बघू."