उसनं दुःख

पहिल्या बाईनं नवरा मेल्याचं सांगितलं, आणि तो नवरा बाहेर तिला न्यायला येऊन ट्रकचा हॉर्न वाजवत होता. दुसरीला खोटं रडता रडता हसू फुटलं. मग चर्चच्या हॉलमधल्या सगळ्या पोरी हसल्या. या पोरी समुपदेशक व्हायला निघाल्या होत्या. आपल्या मेक्सिकन लोकांच्या मनाचं दुखणं आपल्या रीतीनं कसं ऐकावं, याचं त्यांचं शिक्षण चाललं होतं. आधी घरच्यांची चौकशी करायची, पुढे केलेलं खायला नाही म्हणायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. माणसाशी माणसासारखं वागायलाही आता कोर्स लागतो, त्याला कोण काय करणार. सरावाला पेशंट हवेत म्हणून अमेरिकेतल्या या याकिमा गावच्या, सफरचंदं भरायच्या शेडमधल्या बायका बोलावल्या होत्या. एकेकीनं खुर्चीत बसायचं आणि मनानं रचलेलं एखादं दुःख सांगायचं.

पोरींमध्ये यारेली होती आणि बायकांमध्ये तिची आई एर्लिंदा. एर्लिंदाला चिकटून तिची कोमाद्रे ओतिलिया बसली होती. यारेलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हिनंच मांडीवर घेतलं होतं. कोमाद्रे म्हणजे सख्ख्या बहिणीहून जवळची. तिच्यापासून काही लपवायचं नसतं, आणि एर्लिंदानं लपवलंही नव्हतं.

यारेलीचा नंबर लागला तेव्हा समोर ओतिलिया जाऊन बसली. हा यारेलीचा शेवटचा सराव, शिकवणाऱ्या मोंतानोबाई यावरच पास-नापास ठरवणार होत्या. ओतिलियाला काही सुचेना. पाठ दुखते, झोप लागत नाही, असं काहीबाही ती बोलली. ओतिलियानं पोरीच्या उतरलेल्या तोंडाकडे बघितलं, एकदा मागे एर्लिंदाकडे बघितलं, आणि तिचा आवाजच बदलला.

“मी पहिलं पोर तिकडे मेक्सिकोत, मिचोआकानला आईपाशी ठेवून आले,” ती म्हणाली.

एर्लिंदाला आधी काही वाटलं नाही. अशा आया इथे घरोघरी आहेत. मग ओतिलिया सांगत गेली. पोर तापानं गेलं. सीमेपलीकडे गेलं तर पुन्हा इकडे येता येणार नाही, म्हणून त्याच्या मातीलाही जाता आलं नाही. त्याला बूट पाठवले होते, वाढत्या अंगाचा म्हणून एक नंबर मोठे. बूट पोचले ते त्याला पुरल्यावर. मग इकडे मुलगी झाली.

ते बूट एर्लिंदानं घेतले होते. आपल्याआधी एक भाऊ होता हे यारेलीच्या गावीही नव्हतं. ते तिला कधी कळू नये म्हणून एर्लिंदा सगळं आयुष्य तोंड शिवून राहिली होती. एकट्या ओतिलियापाशी काय ती बोलली होती.

“तुमच्या मुलीला हे माहीत आहे?” यारेलीनं विचारलं. फार हळुवार विचारलं, शिकवलं होतं तसं.

“नाही गं बाई. कुठल्या तोंडानं सांगू?”

ओतिलिया रडली, आणि या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोंतानोबाईंनी यारेलीला विचारलं, ऐकताना तुझ्या मनात काय आलं ते खरं खरं सांग.

“राग आला,” ती म्हणाली. “सख्खा भाऊ होता हे आईनं लपवून ठेवावं? त्या मुलीच्या जागी मी असते ना, तर पुन्हा तिच्या हातचं जेवले नसते.”

मोंतानोबाईंना हा प्रामाणिकपणा भलताच आवडला. असं मोकळं बोलता आलं पाहिजे, असं त्यांनी बाकीच्या पोरींना सांगितलं आणि यारेलीला तिथल्या तिथे पास केलं.

ओतिलिया डोळे पुसत जागेवर आली. एर्लिंदा तिच्याकडे बघेना, तेव्हा ती कानाशी कुजबुजली, “नाव घेतलं का मी तुझं? पोर नापास झाली असती, कोमाद्रे. माझी पण ती कोणी लागतेच ना.” तेवढ्यात यारेली धावत आली आणि आईला ओलांडून ओतिलियाच्या गळ्यात पडली. किती छान केलंस, तुला हे सुचलं तरी कुठून, असं विचारत राहिली. सुचलं आपलं, असं ओतिलिया म्हणाली, आणि म्हणताना तिचा चेहरा कौतुकानं फुलला होता. एर्लिंदाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पोराचं मरण एकवेळ तिनं पोरीसाठी खर्चलं असेल. पण त्यावर मिळालेलं कौतुकही ती खुशाल पदरात पाडून घेत होती.

मग एर्लिंदाला बोलावलं. समोर दुसरीच एक मुलगी होती. तिनं रीतसर घरच्यांची चौकशी केली आणि मनात काय सलतंय ते विचारलं. एर्लिंदानं गुडघेदुखीचं नि घरभाड्याचं काहीतरी रचून आणलं होतं. त्यातलं तिला एक अक्षर आठवेना.

“मला एक कोमाद्रे होती,” ती म्हणाली.

मुलीनं चेहरा पाडला. “केव्हा वारल्या, सेन्योरा?”

“आत्ताच. ती काय, तिथे बसलीय, माझ्या लेकीशेजारी.”

सगळा हॉल हसला. यारेलीही हसली, आणि मग तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं.