ऊन लागू दिलं नाही

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, मग दीक्षाचं मनगट दोन बोटांत घेऊन पुन्हा एकदा दाबून पाहिलं. चौदा महिन्यांचं लेकरू, अजून आधाराशिवाय बसत नव्हतं. आदल्या दिवशी वसमतच्या या दवाखान्यात आणलं तेव्हा झटक्यावर झटके येत होते. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ते थांबले. आता ती आईच्या मांडीवर, वाकळीत गुंडाळलेली, नुसती पडून होती.

"हिला घरात ऊन लागत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

सरिताची मान ताठ झाली. दोन दिवसांत आपल्याला उत्तर येतंय असा हा पहिलाच प्रश्न होता.

"न्हाई साहेब. चौदा महिन्यांत एक डाव बी लागू देलं न्हाई. खिडकीला पोतं लावलंय. मी कामाला बी जात न्हाई, घरातच असते हिच्यापाशी."

"अहो, तेच तर चुकलं!" डॉक्टर तरुण होते, सांगलीकडचे, आणि त्यांना राग लवकर यायचा. "उन्हाशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. तुमच्याच अंगात नाही, मग दुधात कुठून येणार? हिची हाडं मऊ पडलीत. रक्तातलं कॅल्शियम उतरलं आणि त्याचा मार मेंदूला बसला. झटके त्याचेच. हिला ऊन लागायलाच हवं."

सरितानं लेकरू छातीशी घेतलं आणि ती उठून उभी राहिली.

"थोरलं माझं ऊन लागूनच गेलं," ती म्हणाली.

डॉक्टरांचा पेन थांबला. दाराशी टेकलेली सासू, रुक्माबाई, जमिनीकडं बघत बोलली, "चैतात हळद वाळू घालीत होतो, साहेब. पोरगं लिंबाखाली झोळीत निजलेलं. सावली फिरली. आमाला कळलं न्हाई."

"हळदीला बराबर ऊन लागावं म्हनून मी हातानं पसरीत होते," सरिता म्हणाली. "लागलं माझ्या लेकराला."

डॉक्टरांना आपल्या आवाजाची लाज वाटली. हा रोग ते इंग्रजीत शिकले होते. तिथं त्याचं कारण एका ओळीत मावत होतं. मराठीत सांगायला गेले आणि एका शब्दाशी येऊन अडले.

"हिचं डोकं नीट व्हईल ना?" सरितानं विचारलं.

"बसेल, चालेल. डोक्याला किती धक्का बसलाय ते मला आज सांगता येत नाही." त्यांनी खोटं सांगायचं टाळलं. "पुडी देतो, दुधात घालायची. कॅल्शियमचं औषध देतो. पण पुन्हा अंधारात ठेवलंत तर झटके परत येऊ शकतात. रोज सकाळी अर्धा तास, उघड्या अंगाला ऊन..." पुढचा शब्द त्यांनी गिळला.

सरिता जागची हलली नाही. तिनं वाकळीचं टोक लेकराच्या कपाळावर आणखी खाली ओढलं.

रुक्माबाई तिच्याजवळ आली. "लागू दे म्हनत न्हाईत गं ते. खाऊ घाल म्हंतेत. म्हातारी मानसं सकाळी भिताडाला टेकून ऊन खात बसतेत का न्हाई? तसं. पोट भरलं की उचलायचं."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरची 'ऊन लागू देणे' ही ओळ खोडली आणि तिच्याखाली लिहिलं : ऊन खाऊ घालणे, अर्धा तास.

दवाखान्याच्या अंगणात पौषातलं ऊन पडलं होतं. एका कडेला कडुलिंब होता. त्याच्यापासून लांब, मोकळ्या जागेत सरितानं वाकळ अंथरली आणि दीक्षाला तिच्यावर निजवलं. झबलं काढताना तिची बोटं बंदात अडकत होती. उघड्या अंगाच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. तोंडावर उजेड पडताच दीक्षानं डोळे गच्च मिटले आणि ती रडायला लागली. सरिताचा हात पदराकडं गेला.

"ऱ्हाऊ दे," रुक्माबाई म्हणाली. "कालपासून रडली तरी कुठं होती?"

सरितानं पदर सोडला. तिची नजर लेकरावर नव्हती, झाडाच्या सावलीवर होती. सावली मातीवरून सरकत होती, हळूहळू, झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही अशी. वाकळीच्या काठाशी आली. काठ ओलांडून आत आली. दीक्षाच्या पायाच्या बोटांना लागली.

सरितानं लेकरू उचललं, वाकळ ओढून घेतली आणि त्याला सावलीतून काढून परत उन्हात निजवलं.

"खा, माय," ती म्हणाली.