सासऱ्यांचे डोंगर
दर रविवारी सासरे एक डोंगर सर करून येत, भिंतीवरच्या शिखरांच्या यादीत ऐटीत खूण करत. सुनेला मात्र वाटे, कुठेतरी पाणी मुरतंय. चिखलाच्या दिवसांतही त्यांच्या बुटांचे तळ कोरे असत. नवरा म्हणे, "बाबांवर कसला संशय घेतेस?" एका रविवारी ती गुपचूप मागोमाग गेली. सासरे पायथ्याच्या बाकावर बसलेले. डोंगर उतरून आलेल्या एका बाईंना त्यांनी हसून जवळ बोलावलं. 'हीच ती!' सुनेनं झाडाआडून कान टवकारले. "वरून काय काय दिसलं हो?" सासरे विचारत होते. "डॉक्टरांनी चढ बंद केलाय. घरी सांगितलं नाही." बाई सांगत गेल्या, सासरे डोळे मिटून ऐकत राहिले. सून तडक शिखर चढली, धापा टाकत उतरून त्यांच्याशेजारी बसली. ते दचकले. "बाबा, वर भन्नाट वारा आहे. अजून काय सांगू?"