उजव्या चाकातली टकटक

"आता मागे घ्या, बाई. हळू."

गाडी वीतभर मागे सरकली आणि पुढच्या उजव्या चाकातून आवाज आला. टक्. पुढे घेतली, परत टक्. दादा जमिनीवर आडवा पडून चाकाकडे कान लावून होता. तो तसाच पडून राहिला. आवाज तोच होता. ह्याच आवाजापायी त्याने गेल्या वर्षी आपल्या धाकट्या भावाला गॅरेजमधून घालवून दिलं होतं.

गाडी विजेवर चालणारी, बाई कॉलेजात शिकवणाऱ्या. गेल्या वर्षी ह्या चाकाचं बेअरिंग धाकट्याने बदललं होतं. थोड्याच दिवसांत बाई टकटक घेऊन परत आल्या. दादाने डोक्यात राख घालून घेतली. "अ‍ॅक्सलचा नट ढिला ठेवलास! चाक निखळलं असतं तर बाईंच्या जिवावर बेतलं असतं. तुझ्या हातात कामच नाही!" हे सगळं चारचौघांत, बाईंच्या देखत. धाकटा एवढंच म्हणाला, "मी मापाने आवळला होता, दादा." दादाने पाना लावला, अंगातला सगळा जोर काढून नट आणखी आवळला आणि आवाज बंद झाला. मग कोण काय बोलणार? धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. पुढे घरही सोडून गेला.

आज दादाने चाक उतरवलं. त्याने स्वतः आवळलेला नट दगडासारखा घट्ट होता. लांब पान्यावर उभा राहिला तेव्हा कुठे तो हलला. दादाने चाक फिरवणारा अ‍ॅक्सल बाहेर ओढला. त्याची जी कड बेअरिंगला टेकते ती कोरडीठाक होती आणि घासून घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. विजेची मोटर चाकाला एकदम हिसका देते. पुढे जाणारी गाडी मागे घेतली की अ‍ॅक्सल त्या कोरड्या जागी केसभर सरकतो आणि टक् करतो. पेट्रोलच्या गाडीत असली कुरकुर इंजिनच्या गोंगाटात बुडून जायची, म्हणून तिथे ग्रीस लावायचं दादाने कधी मनावर घेतलं नव्हतं. धाकट्यालाही त्याने तसंच शिकवलं होतं. जास्त आवळल्यामुळे आवाज वर्षभर दबला, एवढंच.

दादाने कड पुसली, ग्रीस लावलं, नवा नट घेऊन मापाने आवळला. बाईंनी गाडी पुढेमागे केली. काही नाही. गाडी मुकाट.

पण दादाला मान वर करवेना. नकळत झालेली चूक कुणाच्याही हातून होते, तिचं काय एवढं! त्याला खात होतं ते वेगळंच होतं. धाकट्याची एक सवय होती. नट आवळला की तो नटापासून अ‍ॅक्सलपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. त्या दिवशी पाना लावण्याआधी दादाने ती रेघ पाहिली होती. ती अखंड होती. पाहिली, आणि तरीही तो ओरडला, कारण बाई डोळे वटारून उभ्या होत्या, गॅरेजच्या नावाला बट्टा लागायची वेळ आली होती आणि खापर कुणाच्या तरी माथ्यावर फोडायला हवं होतं. भावाचं डोकं सगळ्यांत जवळ होतं. मग पाना फिरला आणि रेघ मोडली. ती मोडण्याआधी कशी होती, हे दादाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

"झालं एकदाचं," बाई काच खाली करून म्हणाल्या. "तो तुमचा निष्काळजी भाऊ नसतो ना हल्ली इथे? बरं केलंत."

दादाने मान डोलावली. बाई निघून गेल्या आणि त्याला स्वतःची किळस आली.

बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा तो स्टुलावर नुसता बसून होता. त्याने तिला सगळं सांगितलं, रेघेसकट.

"मला काय सांगताय?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला सांगा. आणि ओरडला होतात ना, तेवढ्याच मोठ्याने सांगा."

धाकटा आता एका चपलांच्या दुकानात होता. दादा पोचला तेव्हा तो एका गिऱ्हाइकापुढे गुडघ्यावर बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत होता. बांधली, ओढून पाहिली, सोडली, परत बांधली. गिऱ्हाईक कंटाळून छताकडे बघत होतं. ज्या हातांनी डोळे मिटून बेअरिंग बसवलं असतं त्या हातांना आज नाडीची खात्री वाटत नव्हती. ह्याने आपल्याला चार शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, असं त्याला मनापासून वाटलं.

तो दारातूनच बोलला, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं.

"चूक तुझी नव्हती! नट घट्ट होता. तुझी रेघ मी पाहिली होती, धडधडीत पाहिली होती, आणि तरी तुझा पाणउतारा केला!"

गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. मालकाने हातातला खोका खाली ठेवला. धाकटा उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने दादाला दंडाला धरून बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी जवळ वाकला.

"वहिनीने पाठवलं ना तुला?" तो हळूच म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून लोकांत स्वतःवर कशाला घेतोस, दादा? तू आवळल्यावरच आवाज बंद झाला. मी ऐकलंय ना."