दहा वर्षांची सरासरी

मिनियापोलिसचा गॉर्डन ट्वेट कंपनीच्या यंदाच्या नफ्यावर भाळून कधीच शेअर घेत नसे. मागच्या दहा वर्षांचा नफा बघायचा, महागाईचा हिशेब धरून त्याची सरासरी काढायची आणि मगच भाव पाहायचा, ही त्याची रीत. दरवेळी तो मान हलवून म्हणे, "महाग आहे," आणि पैसे बँकेतच राहत.

"माझ्या भावाने शेअरच्या जिवावर तळ्याकाठी घर बांधलं," बायको, लोरेन, सुनावायची. "आणि आपण बसलोय तुझी सरासरी कुरवाळत! सगळं जग खुळं आणि तू एकटाच शहाणा का रे?"

ऑक्टोबरात बाजार कोसळला. भावाने ते घर विकायला काढल्याचा फोन आला. लोरेन फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि तिने गॉर्डनच्या गळ्यात हात टाकले.

"चुकलं रे माझं. तुझंच खरं होतं. बरं झालं, इतकी वर्षं तू माझं मुळीच ऐकलं नाहीस!"

गॉर्डन कॉफी ढवळत राहिला.



तिलाही तळ्याकाठी एक घर द्यावं म्हणून ऑगस्टमध्येच त्याने बँकेतले सगळे पैसे शेअरमध्ये घातले होते, तिला न सांगता.