भिंतीवरचा फोटो

लेकीने बोलिंगमध्ये पूर्ण तीनशे गुण केले. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, बाबा हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या काळात तीनशे फक्त त्यांनीच केले होते. त्या दिवशीचा त्यांचा फोटो अजून हॉलच्या भिंतीवर होता. हल्ली मात्र कुणीही उठतो आणि तीनशे करतो. पाणी कुठेतरी मुरतंय, असं लेकीला ऐकवून त्यांनी बॉल घरंगळतो त्या लाकडी लेनला तेल लावणाऱ्या म्हाताऱ्याला बाजूला घेतलं.

"खरं सांग, तेलात काय गोम आहे?"

"कडेला कमी लावतो. भरकटलेला बॉलही पिनांकडे वळतो. गिऱ्हाईक खूश राहतं, मालक म्हणतात."

"कधीपासून?"

म्हाताऱ्याने फोटोकडे पाहिलं. "त्याच्या आदल्या दिवसापासून."

बाबा परत आले.

"सापडलं का काही?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. तुझा फोटो माझ्याशेजारी लावायला सांगून आलो."